रविवार सुट्टीचा वार कसा झाला

इ.स. ३२१ च्या मार्च महिन्यात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने एक छोटेसे फर्मान काढले. सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावे, असा त्याचा आशय होता. शेतकऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. पेरणीला किंवा द्राक्षवेल लावायला नेमका तोच दिवस अनुकूल निघाला तर तो हातचा घालवू नये, असे कारणही फर्मानातच दिले होते. रविवारची सुट्टी कायद्याच्या कागदावर आली ती अशी. महाराष्ट्रातल्या शाळा, कचेऱ्या, बँका आणि न्यायालये आज ज्या वारी बंद असतात, त्या वाराची वंशावळ या फर्मानापर्यंत जाते. रोमपासून परळपर्यंत यायला मात्र त्या सुट्टीला साडेपंधराशे वर्षे लागली, आणि परळच्या गिरणी कामगाराच्या पदरात ती आपोआप पडली नाही.

विश्रांतीचा वार ही कल्पना मुळात ज्यूंची. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, या श्रद्धेतून शनिवारचा शब्बाथ आला. घरधन्याने तर काम करायचे नाहीच, पण चाकर, परका पाहुणा आणि गोठ्यातले जनावर यांनाही त्या दिवशी विसावा द्यायचा, ही आज्ञा त्यांच्या धर्मग्रंथात आहे. कष्टकऱ्याच्या विश्रांतीचा इतका स्पष्ट उल्लेख प्राचीन जगात फार थोड्या ठिकाणी सापडतो. येशूचे पहिले अनुयायी ज्यूच होते, त्यामुळे त्यांच्यासाठीही शनिवार पवित्र होता. येशूचे पुनरुत्थान शब्बाथनंतरच्या सकाळी झाले, या विश्वासामुळे ते त्या दिवशीही एकत्र जमू लागले. नव्या करारात या दिवसाला रविवार म्हटलेले नाही. तिथे तो ‘आठवड्याचा पहिला दिवस’ आहे.

सुरुवातीची तीनशे वर्षे या दिवशी सुट्टी नव्हती. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताची स्तुती गातात आणि पांगतात, असे त्याने कळवले आहे. या मंडळींत गुलाम होते, गुलाम स्त्रियाही होत्या. मालकाचे काम सुरू होण्याआधी त्यांना उपासना उरकावी लागत असणार. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये जस्टिन याने लिहिलेल्या वर्णनात ‘सूर्याचा दिवस’ हे नाव येते. त्या दिवशी शहरातले आणि खेड्यांतले लोक एका ठिकाणी जमतात, वाचन होते, भाकरी वाटून घेतली जाते आणि गरिबांसाठी वर्गणी गोळा होते, असे तो सांगतो.

‘सूर्याचा दिवस’ हे नाव चर्चचे नव्हे. सात ग्रहांची नावे सात वारांना देण्याची पद्धत रोमन जगात आधीच रूढ झाली होती. तीच ज्योतिषाबरोबर पूर्वेकडे आली आणि भारतातही रुजली. वाराचा उल्लेख असलेला भारतातला सर्वांत जुना ज्ञात कोरीव लेख मध्य प्रदेशातल्या एरण येथे आहे. गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातल्या, इ.स. ४८४ च्या या लेखात गुरुवार नोंदवला आहे. म्हणजे रविवार हा वार मराठी माणसाकडे मिशनऱ्यांच्या कितीतरी आधी पोचला होता. खेड्यापाड्यांत त्याला ‘आइतवार’ म्हणत; आदित्यवाराचे ते झिजलेले रूप. श्रावणातल्या रविवारी आदित्यराणूबाईची पूजा होई आणि रविवार हा खंडोबाचा वार मानला जाई. जेजुरीला आजही रविवारी गर्दी असते. गोव्यात पोर्तुगीज चर्चने साडेचारशे वर्षे राज्यकर्त्यांच्या बळावर आपली दिनदर्शिका चालवली, तरी कोंकणी बोलणारा ख्रिस्ती माणूस रविवारला ‘आयतार’च म्हणतो. वार आधीपासून होता. त्या वारी सर्वांनी काम थांबवायचे, हा भाग नवा होता.

तो भाग जोडला कॉन्स्टंटाइनने. ३१३ साली त्याने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि आठ वर्षांनी रविवारचे फर्मान निघाले. सूर्योपासक आणि ख्रिस्ती अशा दोन्ही प्रजाजनांना पटेल असा हा दिवस होता. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याने आणखी एक हुकूम काढून एका कामाला रविवारी परवानगी दिली, ती म्हणजे गुलामाला मुक्त करण्याचा कायदेशीर विधी. रविवारी बाकीची न्यायालयीन कामे बंद, पण माणसाला गुलामीतून सोडवण्याचे काम चालू. सुट्टीच्या इतिहासातला हा तपशील विसरता कामा नये.

चर्चच्या सणांची चौकटही त्याच शतकात पक्की झाली. ३२५ साली निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व चर्चनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार तो गुड फ्रायडे, असा हिशेब पुढे रूढ झाला. पंचांगाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे चटकन कळेल, कारण ईस्टर हीही एका अर्थी तिथीच आहे आणि म्हणून ती दरवर्षी सरकते. नाताळ मात्र तारखेला बांधलेला. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून पाळला जात असल्याची रोममधली सर्वांत जुनी नोंद ३३६ सालची आहे. ‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, ‘पाद्री’ही तसाच.

कोकणाला आठवडी विश्रांती इंग्रजांनी शिकवली, असे म्हणता येणार नाही. अलिबाग, पेण या भागांतल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल हे ज्यू लोक शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांचा मूळ धर्म शेजाऱ्यांना ठाऊक नव्हता, पण शनिवारी यांचा बैल फिरत नाही हे सगळ्या गावाला माहीत होते. त्यावरून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. एक अख्खी जमात तिच्या सुट्टीच्या वाराने ओळखली जात होती.

बाकीच्या मराठी मुलखात सुट्टी तिथीने चाले. पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे अनध्याय. बैलांना पोळा किंवा बेंदूर. अनेक गावांत सोमवार महादेवाचा म्हणून त्या दिवशी बैल औताला जुंपत नसत. सणावार, जत्रा आणि आठवडे बाजार यांनी वर्षाला लय दिली होती, आणि त्या लयीत कामाचे दिवसही ऋतूप्रमाणे कमीजास्त होत. शेतीच्या जगाला ते पुरेसे होते. कॉन्स्टंटाइननेही शेतकऱ्याला रविवारच्या सक्तीतून वगळले होते ते याच कारणाने. ही लय मोडली ती वाफेच्या यंत्राने, कारण यंत्राला पेरणी, सुगी आणि उन्हाळा सगळे सारखेच.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात प्युरिटन पंथाने रविवार कडक केला. १६७७ साली राजा दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने व्यापारी, कारागीर आणि मजूर यांना रविवारी आपला धंदा करण्यास मनाई केली. हाच तो राजा, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना १६६१ च्या तहात मुंबई बेट आंदण मिळाले. ते बेट त्याने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. कंपनीचे अधिकारी व्यापारी वृत्तीचे होते, धर्मकारणात त्यांना रस कमी. तरी शतकभरानंतर वारा बदलला. १७९९ साली गव्हर्नर जनरल वेलस्लीने वृत्तपत्रांसाठी जे नियम केले, त्यांत रविवारी अंक काढू नये हेही एक कलम होते. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना दार उघडले आणि त्याच वर्षी अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. मिशनच्या शाळा रविवारी बंद राहत. स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या अशाच शाळेत जोतीराव फुले शिकले. १८४४ ते १८४८ या काळात गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड हार्डिंग यांनी सरकारी कामांवर रविवारी मजूर लावण्यास बंदी केली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी स्थिती झाली की सरकारी कचेरीतल्या कारकुनाला, न्यायालयातल्या वकिलाला आणि शाळेतल्या विद्यार्थ्याला रविवार आपसूक मिळू लागला. साहेबाला चर्चमध्ये जायचे म्हणून कचेरी बंद आणि कचेरी बंद म्हणून कारकून मोकळा. धर्मांतराचा यात काही संबंध नव्हता. मात्र ही सुट्टी राज्यकर्त्यांच्या सावलीत बसलेल्यांपुरतीच राहिली. सावलीबाहेर जो राबत होता त्याच्यापर्यंत ती पोचली नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी उभारण्यासाठी कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. १८९० पर्यंत शहरात साठाहून अधिक गिरण्या झाल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेली माणसे परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या चाळींत दाटीवाटीने राहू लागली. विजेचे दिवे अजून आलेले नव्हते, म्हणून कामाचे तास सूर्य ठरवी. झुंजुमुंजू होताच भोंगा वाजे आणि दिसेनासे होईपर्यंत साचे चालत. उन्हाळ्यात हे तेरा तासांच्या वर जाई. कापसाचा बारीक तूस हवेत, दमट उकाडा, दुपारची धड जेवणाची सुट्टी नाही. दिवाळी, होळी, मोहरम अशा सणांना गिरणी बंद असे. एरवी काम थांबलेच तर ते यंत्रांसाठी, आणि त्या दिवशीही कामगारांना सकाळभर साचे पुसायला बोलावले जाई.

१८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम आणि महिन्याला चार सुट्ट्या, एवढेच त्यात होते. प्रौढांसाठी काहीही नव्हते. या कायद्यामागे दोन अगदी वेगळ्या प्रेरणा होत्या. इंग्लंडमधल्या काही धर्मशील सुधारकांना खरोखरच कळवळा होता. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे मुंबईतले पारशी गृहस्थही त्यासाठी झटत होते. दुसरीकडे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईचे स्वस्त सूत डोळ्यांत सलत होते आणि इथले कामाचे तास कमी व्हावेत ही त्यांची इच्छा धंद्याची होती. मुंबईचे मालक आणि बरीच राष्ट्रीय वृत्तपत्रे या दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवून कायद्यालाच विरोध करीत. त्यांच्या शंकेत तथ्य होते. पण स्वदेशी भांडवलाच्या रक्षणाचा भार बारा-तेरा तास उभ्या असलेल्या माणसाने का वाहायचा, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

तो प्रश्न विचारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे फार शिकलेले नव्हते. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीच्या आत काय चालते ते त्यांनी रोज पाहिले होते. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावान कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईतून चालवू लागले. कामगारांची गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला तेव्हा लोखंडे यांनी संधी साधली. त्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांच्या दोन सभा घेतल्या. तिथे तयार झालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांची नावे होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी आपले नाव सरकारदरबारी जाणाऱ्या कागदावर चढवू देणे, तेही मालकाच्या आणि जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, नजरेसमोर, याला त्या काळी छाती लागत होती. मागण्या पाच होत्या आणि त्यांतली पहिली होती सर्वांना दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि अपघातात जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा निकामी झाल्यास निर्वाहाची सोय, या बाकीच्या. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या संघटनेचा जन्म याच हालचालींतून झाला. तिला वर्गणी नव्हती, घटना नव्हती. लोखंडे हेच तिचे अध्यक्ष, चिटणीस आणि कचेरी.

या कामगारांनी रविवारच का मागितला? उपासनेसाठी नक्कीच नाही. त्यांत ख्रिस्ती अगदी थोडे. सरकार, न्यायालये आणि शाळा ज्या दिवशी बंद असतात तो दिवस मागणे सोपे, हे एक कारण. जे कारकुनाला मिळते ते कामगाराला का नाही, या प्रश्नाला साहेबाकडे सरळ उत्तर नव्हते. दुसरे कारण घरचे आहे. घाटावरून आलेल्या कुटुंबांत रविवार खंडोबाचा होताच. लोखंडे यांच्या मागणीमागे हा धागा होता, असे महाराष्ट्रात आजही आवर्जून सांगितले जाते. राज्यकर्त्यांना ओळखीचा आणि कामगारांना आपला वाटणारा असा हा एकच वार होता. ज्यांना कामाप्रमाणे दाम मिळे त्यांची या सुट्टीने कमाई बुडणार होती, तरीही ते सभेला आले. दमणूक किती खोल होती याचा याहून मोठा पुरावा नको.

आयोगाने अहवाल दिला आणि तो पडून राहिला. १८८९ मध्ये पुन्हा अर्ज गेला. १८९० च्या मार्चमध्ये बर्लिनला युरोपीय राष्ट्रांची कामगार परिषद भरली आणि तिने आठवड्यातून एक दिवस, शक्यतो रविवारी, विश्रांती द्यावी अशी शिफारस केली. पुढच्याच महिन्यात, २४ एप्रिलला, महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. उंच घराण्यांतल्या सुशिक्षित स्त्रियाही सभेत बोलायला कचरत त्या काळात गिरणीतल्या बायका दहा हजारांच्या जमावासमोर उभ्या राहिल्या. त्यांची नावे घराघरांत ठाऊक असायला हवी होती. सभेने एकच मागणी मालक संघापुढे ठेवली, आठवड्याची सुट्टी. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालक संघाने ती मान्य केली.

कायदा त्यामागून आला. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात मुंबईच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून लोखंडे सहभागी झाले. १८९१ चा कारखाना कायदा १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला आणि त्याने सर्व कामगारांना आठवड्याची सुट्टी दिली. स्त्रियांना अकरा तास, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास अशी मर्यादाही आली. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा यायला १९११ उजाडले, आणि तीही दिवसाला बारा तासांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले.

सुट्टी मिळाल्यावर गिरणगावाचा रविवार त्या माणसांनी आपल्या मनाप्रमाणे भरला. चाळीत भजनी मंडळे बसू लागली, तालमीत जोर निघू लागले, गावकीच्या बैठका आणि कामगारांच्या सभा रविवारी होऊ लागल्या. मटणाच्या दुकानापुढची रविवार सकाळची रांग मराठी घरांत तेव्हापासून किती मुरली आहे, हे वेगळे सांगायला नको. बायकांच्या वाट्याला मात्र या दिवशी आठवड्याचे धुणे आणि दळणकांडण आले. गिरणीचा भोंगा थांबला तरी चूल थांबली नाही, आणि ही उणीव आजही पुरती भरून निघालेली नाही.

सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीतही ब्रिटिश राजवटीची खूण राहिली. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमात रविवार ही सार्वजनिक सुट्टी म्हणून नोंदवली गेली. मुळात हा कायदा हुंड्या आणि धनादेशांचा. देणे सुट्टीच्या दिवशी आले तर ते कधी चुकते करायचे, हे ठरवण्यापुरती त्यात सुट्टीची व्याख्या आली. महाराष्ट्र शासन दिवाळी, ईद, शिवजयंती, नाताळ आणि गुड फ्रायडे यांच्या सुट्ट्या आजही दरवर्षी याच कलमाखाली जाहीर करते.

रविवार सगळीकडे एकदम पोचला नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे, आणि मराठवाड्याच्या कचेऱ्या व शाळा त्याप्रमाणे चालत. तिथला रविवार हा हैदराबादच्या मुक्तीनंतरचा. उलट पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत विजेच्या नियोजनामुळे गुरुवारची सुट्टी रूढ झाली. वार बदलला तरी आठवड्यातून एक दिवस कामगाराचा, हे तत्त्व मात्र कोणी काढून घेतले नाही.

लोखंडे यांना हे सगळे पाहायला मिळाले नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच त्या रोगाने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आत, त्यांचे निधन झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

हैदराबाद भारतात आले त्याच महिन्यात, सप्टेंबर १९४८ मध्ये, स्वतंत्र भारताचा कारखाने अधिनियम संमत झाला. शनिवारच्या मध्यरात्री सुरू होणारे सात दिवस म्हणजे आठवडा, अशी व्याख्या त्यात होती. त्याच्या ५२ व्या कलमाने प्रौढ कामगाराची सुट्टी ज्या दिवशी ठरवली, त्याला तिथे रविवार म्हटलेले नव्हते. कायद्याचे शब्द होते, ‘आठवड्याचा पहिला दिवस’.